मेलवरचे नाव कोण लिहितो? तोतया ई-मेल ओळखण्याविषयी

शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा जिथे मिळतात, त्या गावाचे नाव काय? कागदोपत्री नृसिंहवाडी. बोलताना नरसोबाची वाडी किंवा नरसोबावाडी. पंचक्रोशीत नुसते ‘वाडी’ म्हटले तरी पुरते. इंग्रजीत लिहायची वेळ आली की मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ‘नृ’साठी कोणी एन-आर-यू लिहितो, कोणी एन-आर-आय, कोणी सरळ एन-ए-आर. ‘सिंह’मधला एच कोणी ठेवतो, कोणी गाळतो. ‘वाडी’तला व कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. पोस्टमनला याने फरक पडत नाही. यातले कुठलेही नाव घालून पत्र टाका, ते वाडीतच पोहोचते.

संगणकाला मात्र फरक पडतो. त्याच्या लेखी यातले प्रत्येक स्पेलिंग म्हणजे वेगळे गाव. त्या प्रत्येक स्पेलिंगचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, वेगवेगळा माणूस विकत घेऊ शकतो. खर्च वर्षाला साधारण हजार रुपये. तुम्ही त्या गावचे आहात का, त्या संस्थेचे आहात का, हे सहसा कोणी विचारत नाही. आता समजा, वाडीतल्या एखाद्या संस्थेच्या नावाने तुम्हाला मेल आला. त्यातले इंग्रजी स्पेलिंग बरोबर की चूक, हे तुम्ही कसे ठरवणार? गावकऱ्यांचेच जिथे एकमत नाही, तिथे पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने काय ओळखावे?

दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवण्याला इंग्रजीत स्पूफिंग म्हणतात. मराठीत त्यासाठी चांगला जुना शब्द आहे, तोतया. हा लेख अशा तोतया मेलविषयी आहे. आपल्या घराघरांत आता मेल येतात. कोणाच्या मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला असतो, कोणाचे पेन्शन बँकेत येते, कोणाचा भाऊ विहाराच्या बांधकामासाठी वर्गणी पाठवतो. यातल्या प्रत्येकाने एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे मेलवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव पाठवणाराच लिहितो.

ज्यांनी आंतरदेशीय पत्रे लिहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. निळ्या कागदाच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून जागा असते. तिथे तुम्ही तुमचे नाव लिहा, शेजाऱ्याचे लिहा, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांचे लिहा, पोस्ट खाते ते तपासत नाही. पोस्ट खाते मारते तो फक्त शिक्का. पत्र कुठल्या कार्यालयात पडले, कोणत्या तारखेला पडले, हे तो शिक्का सांगतो. मेलचेही तसेच आहे. आज जगभर मेल ज्या पद्धतीने पोहोचवला जातो तिला एसएमटीपी म्हणतात. तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा जाळ्यात जोडलेले संगणक मोजके होते, ते विद्यापीठांचे, संशोधन संस्थांचे आणि लष्कराचे होते आणि वापरणारे बहुतेक एकमेकांना ओळखत होते. खोटे नाव लावून कोणी पत्र पाठवील, हा विचार त्या रचनेत नव्हता. चाळीस वर्षांनंतर त्याच पायावर अब्जावधी लोकांचा टपाल व्यवहार उभा आहे.

तोतयेगिरीचे प्रकार तसे चारच, आणि चौघांचा इलाज वेगळा आहे.

पहिला प्रकार अगदी बाळबोध, पण सर्वांत जास्त चालणारा. मेल पत्ता भलताच असतो, फक्त नाव बदललेले असते. कोणीही एक जीमेल खाते उघडून त्यावर ‘समाज कल्याण विभाग’ असे नाव टाकू शकतो. मोबाइलवर मेल उघडला की आपल्याला नाव मोठ्या अक्षरात दिसते आणि पत्ता दिसतच नाही. तो पाहण्यासाठी नावाखालच्या छोट्या बाणावर बोट ठेवावे लागते. आमच्या मते मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांनी केलेली ही मोठी चूक आहे. जागा वाचवायची म्हणून त्यांनी नेमकी कामाची ओळ झाकली. ते बदलतील तेव्हा बदलतील. आपण तोवर त्या बाणाची सवय लावून घ्यावी.

दुसरा प्रकार सुरुवातीला सांगितलेला, मिळत्याजुळत्या स्पेलिंगचा. मार्च २०२० मध्ये करोनासाठी पीएम केअर्स निधी जाहीर झाला. त्याचा यूपीआय पत्ता ‘पीएमकेअर्स’ असा होता. लगोलग ‘पीएमकेअर’ नावाचा बनावट पत्ता फिरू लागला. फरक होता शेवटच्या एका ‘एस’चा. दिल्ली पोलिसांना आणि केंद्र सरकारला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. तो मेलचा पत्ता नव्हता, पैसे पाठवण्याचा होता, पण युक्ती तीच. घाईत वाचणाऱ्या डोळ्याला शेवटचे अक्षर दिसत नाही.

याच प्रकारातली आणखी एक खोच आहे. पत्ता लांबलचक करून त्यात खरे नाव आधी घालायचे आणि शेवट भलताच ठेवायचा. इथे आपला गावाकडचा पत्ता आठवावा. ‘मु. पो. नृसिंहवाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर.’ पत्र कुठे जायचे हे शेवटून ठरते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. डोमेनही तसेच शेवटून वाचायचे. ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ यात शेवटी गव्ह डॉट इन आहे, म्हणून ते सरकारी. पण कोणी ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असे लिहिले, तर ते अमुकतमुकचे. पुढचे सगळे शोभेला. मेलमधल्या लिंकलाही हाच नियम लागू आहे.

तिसऱ्या प्रकारात पत्ता अक्षरन् अक्षर खरा दिसतो, पण मेल त्या संस्थेने पाठवलेलाच नसतो. प्रेषकाच्या जागी दुसऱ्याचे नाव लिहिण्याचा हा अस्सल नमुना. डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. इथे शिक्के तपासावे लागतात, त्याकडे पुढे येऊ.

चौथा सर्वांत वाईट. यात खातेच चोरलेले असते. मेल खरोखर त्याच माणसाच्या खात्यातून निघालेला असतो, फक्त लिहिणारा दुसरा असतो.

लोक का फसतात

भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट शाळेत अनेकांनी ऐकली असेल. पानिपतात १७६१ साली सदाशिवराव भाऊ पडले आणि नंतर एक माणूस ‘मीच तो भाऊ’ म्हणून उभा राहिला. त्याच्यामागे माणसे जमली, प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. पेशवाईचे कौतुक आम्हाला नाही, पण या गोष्टीत एक कामाची खूण आहे. तोतयावर विश्वास ठेवणारे सगळे मूर्ख नव्हते. त्यांतले कित्येक भाऊ परत येण्याची वाट पाहत होते.

तोतया मेलही अशाच वाट पाहणाऱ्याला गाठतो. महाडीबीटीवर अर्ज भरून महिनोन्‌महिने शिष्यवृत्तीच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलीला ‘तुमचा हप्ता अडकला आहे, खालील लिंकवर आधार व बँक खाते पडताळा’ असा मेल आला, तर ती तो उघडणारच. तिला लोभी म्हणता येणार नाही, निष्काळजीही म्हणता येणार नाही. ती तर आपल्या हक्काच्या पैशाची वाट पाहत असते. म्हणून आम्ही ‘आमिषाला बळी पडू नका’ हा ठेवणीतला सल्ला देत नाही. तिने एवढेच लक्षात ठेवावे की शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. ती सोडवण्यासाठी ‘प्रक्रिया शुल्क’ भरावे लागत नाही आणि अर्जाची खरी स्थिती पोर्टलवर स्वतः लॉग-इन करूनच दिसते. मेलमधली लिंक न दाबता पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप केला, तर तोतयाचा निम्मा खेळ तिथेच संपतो.

पुराचेही असेच. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेने शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे उठवली. वाडीच्या दत्त मंदिरात पाणी शिरणे हे दर पावसाळ्यातले, पण ते पाणी घराघरांत शिरले तेव्हा बाहेरगावी असलेल्या प्रत्येकाला काहीतरी पाठवायचे होते. समजा, अशा वेळी गावच्या विहार समितीच्या नावाने मेल आला. ‘जय भीम’ने सुरुवात, दोन ओळखीची नावे, पाण्यात बुडालेल्या घरांचे खरे फोटो आणि खाली खाते क्रमांक. फोटो कोणीही बातम्यांतून उचलू शकतो. नावे जयंतीच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेलीच असतात. त्या मेलमधली एकच गोष्ट खोटी असते, खाते क्रमांक. आणि पैसे पाठवणाऱ्याला बरेचदा कळतही नाही की ते पोहोचले नाहीत, कारण दान दिल्यावर पावती मागण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ही पद्धत मात्र पाडायला हवी.

मोठ्या कंपन्या या फसवणुकीतून सुटतात असेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधल्या एका संचालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला. नाव होते अदर पूनावाला यांचे. अमुक खात्यांवर तातडीने पैसे पाठवा, असा आदेश होता. एक कोटी एक लाखाहून अधिक रुपये गेले आणि मग कळले की पूनावाला यांनी असा संदेश पाठवलेलाच नव्हता. जगाला लस पुरवणाऱ्या कंपनीत आर्थिक व्यवहार तपासण्याची व्यवस्था नसेल, असे कोण म्हणेल? पण साहेबांचे नाव आणि ‘ताबडतोब’ हा शब्द एकत्र आले की व्यवस्था बाजूला राहते. आपल्याकडे वरिष्ठाला उलट फोन करून ‘हे तुम्हीच सांगितले का?’ असे विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. तोतयाचे भांडवल तेच असते.

पुण्यातलेच दुसरे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीच्या प्रमुखांनी बँकेच्या नावाने आलेल्या बनावट मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. प्रकरण राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांच्यापुढे गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार हे सचिव अशा तक्रारींचे न्यायनिर्णय अधिकारी असतात. त्यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तक्रारदाराने मेलला उत्तर दिले म्हणून काही भार त्याच्यावर ठेवला, पण लुटीचे पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती नीट तपासणी न करता उघडली, हा बँकेचा दोष धरला. ‘मेलला उत्तर तुम्हीच दिले ना’ असे ऐकवून बँकेने हात झटकले तर हे प्रकरण आठवावे.

शिक्का आणि मोहर

आता तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे पत्ता हुबेहूब असतो तेव्हा. गेल्या वीसेक वर्षांत मेलच्या जुन्या पायावर तीन टेकू लावले गेले आहेत. नावे अवघड आहेत, पण काम सोपे आहे.

एसपीएफ म्हणजे संस्थेने जाहीर केलेली यादी. ‘आमची पत्रे फक्त या या टपाल कार्यालयांतून निघतात.’ मेल दुसरीकडून आला की घेणाऱ्याला संशय येतो. डीकेआयएम म्हणजे लाखेची मोहर. पाठवणाऱ्या संस्थेचा सर्व्हर प्रत्येक मेलवर गणिती सही करतो. मजकूर वाटेत बदलला तर ती सही जुळत नाही. तिसरा डीमार्क. वर दिसणारे डोमेन यादीशी किंवा मोहरेशी जुळले नाही, तर त्या मेलचे काय करायचे, हे संस्था त्यात सांगून ठेवते. काहीच करू नका, संशयितांत टाका किंवा दारातूनच परत पाठवा, असे तीन पर्याय असतात. पुष्कळ संस्था पहिल्याच पर्यायावर थांबतात. म्हणजे वॉचमन ठेवला, पण त्याला सांगितले की फक्त वहीत नोंद कर, अडवू कोणालाच नको.

हे आपल्याला तपासता येते. संगणकावर जीमेल उघडून मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक केले की ‘शो ओरिजिनल’ असा पर्याय दिसतो. त्यात वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन ओळी असतात आणि पुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेले असते. बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या नावाने आलेल्या मेलपुढे ‘फेल’ दिसले, तर तो मेल सोडून द्यावा आणि संबंधित कार्यालयाला कळवावे. मोबाइलवर एवढे दिसत नाही, पण नावाखालचा बाण दाबून तपशील उघडला की मेल कोणत्या डोमेनवरून पाठवला आणि कोणत्या डोमेनने सही केली, हे कळते. ‘रिप्लाय-टू’ अशी वेगळी ओळ असेल तर तीही पाहावी. दिसणारा पत्ता एक आणि उत्तर जाणार दुसऱ्याच पत्त्यावर, ही तोतयाची आवडती चाल आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही टेकू सक्तीचे केले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन आणले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी त्यावर यावे, असे सांगितले. हे डोमेन बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. त्यामुळे बँकेच्या नावाने आलेल्या पत्त्याचा शेवट काय आहे हे पाहणे आता पूर्वीपेक्षा उपयोगाचे झाले आहे. पतसंस्था मात्र बँक नव्हे, हे आपल्या जिल्ह्यात विशेष लक्षात ठेवावे. तिच्या नावाच्या मेलला ही खूण लागू पडत नाही. शाखेत जाऊन विचारणे हाच मार्ग.

ज्या विहार समित्या, वाचनालये, शिक्षण संस्था यांनी स्वतःचे डोमेन घेतले आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. वेबसाइट कोणी ओळखीच्या मुलाने करून दिलेली असते आणि नंतर तिच्याकडे कोणी पाहत नाही. एसपीएफ आणि डीमार्कच्या नोंदी नसतील तर तुमच्या संस्थेच्या हुबेहूब पत्त्यावरून जगातला कोणीही वर्गणी मागू शकतो. नोंदी घालायला वेगळे पैसे लागत नाहीत, डोमेन जिथून घेतले तिथल्या खात्यात काही ओळी भराव्या लागतात. डोमेनवरून मेल पाठवतच नसाल, तरी ‘या नावाने कोणताही मेल स्वीकारू नका’ अशी नोंद करता येते, आणि ती करावीच. संस्थेचा खाते क्रमांक कार्यालयाच्या फलकावर आणि पावतीपुस्तकावर छापावा, म्हणजे ताडून पाहायला काहीतरी हाताशी राहील.

मोहर खरी, माणूस खोटा

इथवर वाचून कोणाला वाटेल, तिन्ही ओळींपुढे ‘पास’ दिसले की झाले. तसे नाही. ही तपासणी गाव खरे की खोटे एवढे सांगते. पत्र त्या गावातल्या कोणी लिहिले, हे सांगत नाही. जीमेलवरून आलेल्या चोराच्या मेललाही ‘पास’ मिळते, कारण तो खरोखर जीमेलवरूनच आलेला असतो. आणि खातेच चोरीला गेले असेल तर सगळे शिक्के अस्सल असतात.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे आणि आपल्या वाचकांना ते प्रकरण परिचयाचे आहे. पुण्यात शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ रोजी झालेली एल्गार परिषद आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला झालेला हिंसाचार, यानंतर जे अटकसत्र झाले त्यात ६ जून २०१८ रोजी रोना विल्सन, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, सुधीर ढवळे, शोमा सेन आणि महेश राऊत यांना पकडले गेले. विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये सापडलेली पत्रे हा खटल्यातला मुख्य पुरावा होता. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने बचाव पक्षाच्या विनंतीवरून त्या लॅपटॉपची प्रत तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल समोर आला. अहवालानुसार १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना कवी वरवरा राव यांच्या खात्यावरून मेल आले. ते खाते दुसरेच कोणीतरी वापरत होते. एक कागद उघडून पाहा, असा आग्रह त्यात होता. विल्सन यांनी तो उघडला आणि त्याबरोबर नेटवायर नावाचा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरला. पुढे बावीस महिने कोणीतरी दुरून तो लॅपटॉप चालवत होते आणि ती पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, असा त्या संस्थेचा निष्कर्ष आहे. गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तिने त्याच वर्षी असाच अहवाल दिला.

राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे मान्य नाही. हा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, असे म्हणत तिने न्यायालयात त्याला विरोध केला. खटला न्यायप्रविष्ट आहे. विल्सन आणि ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला, म्हणजे अटकेनंतर साडेसहा वर्षांनी. पुराव्याचा निवाडा न्यायालय करील. मेलपुरते पाहिले तर अहवालातले वर्णन आपल्या चौथ्या प्रकारात तंतोतंत बसते. नाव ओळखीचे, पत्ता खरा आणि आग्रह एकच, ‘हे उघडून पाहा’. विल्सन यांनी त्या दिवशी शिक्के तपासले असते तरी ते खरेच निघाले असते.

हे एकटदुकट घडलेले नाही. जून २०२० मध्ये अ‍ॅम्नेस्टी आणि कॅनडातली सिटिझन लॅब यांनी दाखवून दिले की २०१९ मध्ये भारतातल्या नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांना असेच मेल आले होते. काही पत्रकारांच्या नावाने, काही न्यायालयाच्या कामाच्या नावाने. वकिलाला न्यायालयाचा मेल, कार्यकर्त्याला पत्रकाराचा मेल. ज्याला जे रोज येते तेच. जून २०२२ मध्ये वायर्ड या नियतकालिकाने आणखी एक बातमी दिली. विल्सन, राव आणि प्राध्यापक हनी बाबू यांच्या मेल खात्यांना ‘रिकव्हरी’साठी दुसराच मेल पत्ता आणि फोन क्रमांक जोडला गेला होता, आणि ती माहिती पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याशी जुळते, असे तिच्यात म्हटले होते.

ही बातमी वाचून आमचा पहिला सल्ला सोपा आहे. आज आपल्या मेल खात्याच्या सिक्युरिटी विभागात जावे. रिकव्हरीसाठी नोंदवलेला फोन आणि मेल आपलाच आहे ना, खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे, मेल आपोआप दुसरीकडे फॉरवर्ड होत नाही ना, हे पाहावे. सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात दुसऱ्याने काढून दिलेल्या खात्यांत रिकव्हरीला केंद्रचालकाचाच नंबर राहून जातो. त्यात वाईट हेतू नसेलही, पण त्या खात्याची किल्ली त्याच्याकडे राहते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावे. ते असेल तर पासवर्ड चोरणाऱ्याला आणखी एक कुलूप तोडावे लागते.

दुसरा सल्ला कार्यकर्त्यांना, वकिलांना आणि संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना. कोणीही, अगदी जुना मित्रसुद्धा, एखादी फाइल उघडण्याचा आग्रह धरत असेल तर मेलवरच उत्तर देऊन विचारू नका, ‘ही तूच पाठवलीस का?’ खाते चोरीला गेले असेल तर उत्तर चोरच देणार. फोन करावा, आवाज ऐकावा. तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. झिप, आरएआर, ईएक्सई अशा फाइलींबाबत तर याला अपवाद नको. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, मग तो इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याचा असो की विहाराच्या खजिनदाराचा, हाच नियम. अशी विचारपूस करणे हा अपमान नव्हे, हे समित्यांनी आपल्या सभासदांना बैठकीत एकदा सांगून टाकावे.

पैसे गेलेच तर तासही महत्त्वाचा असतो. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवण्याचा प्रयत्न होतो. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा तुमच्यावर पडत नाही. पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून लाजेने दोन दिवस गप्प बसू नये. पोलिसांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ क आणि ६६ ड लागते. दुसऱ्याची ओळख वापरणे आणि तोतयेगिरीने फसवणे, या दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मेलचे मूळ लपवून दिशाभूल करण्याविषयीचा नेमका मजकूर पूर्वी ६६ अ या कलमात होता. पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मतासाठी अटक झाल्यावर जे कलम गाजले, तेच ते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण रद्द केले आणि ते योग्यच झाले. फसवणुकीसाठी उरलेली कलमे पुरेशी आहेत.

तक्रार करायला जाताना लोक मेलचा स्क्रीनशॉट नेतात. त्यात फक्त नाव आणि मजकूर असतो, शिक्के नसतात. मेल दुसऱ्याला साधा फॉरवर्ड केला तरी मूळ शिक्के जातात. तो रागाने डिलीट करू नये. ‘शो ओरिजिनल’ उघडून ‘डाउनलोड ओरिजिनल’ दाबावे. त्यातून जी फाइल मिळते तिच्यात मेल कुठून निघाला, कुठल्या सर्व्हरवरून आला, त्याची वेळ काय होती, हे सगळे असते. ती पेन ड्राइव्हवर घ्यावी, आणि मूळ मेल खात्यात तसाच ठेवावा.